ओल शून्य

सडलेल्या कोषाचा वास ज्याला माहीत नाही, त्याने देवाचे आभार मानावेत. माळ्यावर उंदीर मरावा, चार दिवस कुणाला सापडू नये आणि वरून त्याच्यावर काकवी सांडावी, तसा काहीसा तो वास असतो. गोडसर. गोडसर असतो म्हणूनच जास्त किळस येते. मे महिन्याच्या सोळा तारखेला कोंढ्याला माझ्या मामाच्या पडवीत आम्ही तीन पेट्यांची झाकणं काढली आणि मी धावत जाऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली ओकले.

आमचे कुलदीप सर ओकले नाहीत. त्यांनी खिशातून अत्तराचा रुमाल काढला, नाकावर दाबला आणि दोन पावलं मागे सरत म्हणाले, "साधना, फोटो घेऊन ठेव."

मी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहायक आहे. म्हणजे होते. कंत्राटी माणूस, दर अकरा महिन्यांनी सरांच्या सहीवर जगणारं. माझं काम काय, तर कोषाच्या भिंतीतून हवा कशी ये-जा करते याचं गणित संगणकावर मांडायचं. टसरचा किडा ऐनाची पानं खाऊन खाऊन बोटाएवढा होतो, मग स्वतःभोवती सुपारीसारखा टणक कोष विणतो आणि आत झोपून जातो. विकायचे कोष उकळून त्यांचा धागा काढतात. बियाचे मात्र जिवंत ठेवावे लागतात, हिवाळ्यापासून थेट मृगापर्यंत. मग आतून पतंग बाहेर येतो, अंडी घालतो आणि नवं पीक सुरू होतं. म्हणजे पाच-सहा महिने त्या बंद कोषात एक जीव नुसता श्वास घेत पडलेला असतो. भिंतीला एकावर एक थर, प्रत्येक थराला बारीक वाकडीतिकडी भोकं. त्यांतून ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. किती वेगाने, हे काढायचं माझं काम.

हे गणित मला आवडायचं. हे खरं आहे, लपवून काय करू?

सरांच्या डोक्यात त्यावरून पेटी आली. कोषासारखाच तीन थरांचा सच्छिद्र पडदा बनवायचा, तो प्लास्टिकच्या पेटीला झाकण म्हणून बसवायचा आणि बियाचे कोष त्यात ठेवायचे. उंदीर नको, मुंग्या नकोत, कोषाला भोक पाडणारी माशी नको. हवा तेवढी खेळती. कल्पना वाईट नव्हती. पहिल्या पेट्या कुणाला द्यायच्या म्हटल्यावर मीच उड्या मारत मामाचं नाव सुचवलं.

मामा, म्हणजे गोपीचंद मामा, पहिल्यापासून राजी नव्हता. "तीस वर्सं माळा टांगल्या," तो म्हणाला, "काही बिघडलं नाही. आता डब्यात कायले कोंबायचे?"

आमच्याकडे बियाचे कोष देठाला दोरा बांधून माळा करतात आणि पडवीत बांबूला टांगतात. हा सगळा कारभार मामीचा. तिच्या, शकुनबाईच्या, हातचं बी म्हटलं की आजूबाजूची सात-आठ गावं डोळे मिटून नेत. किडी झाडावर असल्या की मामी एक वेळ जेवे, भुईवर निजे, अंगाला हळद नाही, तेल नाही. बाहेरची असली की ऐनाच्या सावलीतही जायची नाही. मी शिकलेली, मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण तिच्या हातचं बी मरत नसे, हेही खरं होतं.

मामाला गप्प केलं ते मामीनेच. "पोरगी शिकून आली, सांगून राहिली, तं आपल्या बऱ्यासाठीच सांगत असन ना," ती म्हणाली. मग स्टुलावर चढून तिने स्वतः माळा उतरवल्या. सुमारे तीन हजार कोष, गावोगावच्या लोकांचं पुढच्या वर्षीचं बी. एकेक कोष तिने पेटीत असा ठेवला, जसं बाळंतिणीच्या कुशीत मूल ठेवावं.

आणि आता त्याच पेट्यांतून काळं पाणी गळत होतं.

मी चूळ भरून परत आले तेव्हा मामी पेटीपाशी फतकल मारून बसली होती. ती एकेक कोष उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. जिवंत कोष हाताला जड लागतो आणि आतला जीव ठक ठक वाजतो. हे कोष डबडब वाजत होते. तिच्या बोटांवरून, मनगटावरून ते काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. माश्या तिच्या हातावर बसत, ती त्या हाकलतही नव्हती.

"मामी, नाकाले पदर तरी लाव ना वं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरच्या मेलेल्याले कोणी नाक दाबते काय?" म्हणाली, आणि पुढचा कोष कानाशी नेला.

तीन हजारांतले एकसष्ट निघाले जिवंत. ते तिने धुऊन, पुसून, पुन्हा दोऱ्यात ओवले.

एवढ्यात सरांचं लक्ष पेट्यांमागे गेलं. तिथे तीन पोती पडली होती, ओली. "हे काय आहे?" सरांनी रुमालातून विचारलं.

"उन्हाळ्याचे दिवस हाय, साहेब," मामी म्हणाली. "जीव हाय तो, तहान लागते ना त्याले. रोज सांजच्याले झाकणावर पाणी शिंपलं अन् वरून ओलं पोतं टाकलं. माळेवर शिंपत होतो तसंच."

सरांचा चेहरा त्या क्षणी उजळला. मी डोळ्यांनी पाहिलं. समोर तीन हजार जीव सडून पडलेत, एक बाई कोपरापर्यंत त्या घाणीत आहे, आणि या माणसाला परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद! "पाणी?" ते म्हणाले. "पेटीवर पाणी? अहो बाई, मग काय होणार? साधना, लिहून घे. पाणी. हाताळणीची चूक."

परत निघताना कोंढ्याच्या स्टँडवर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि तीन आलूबोंडे खाल्ले. चटणी बोटाने पुसून चाटली. मला म्हणाले, "खा गं, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." त्यांच्या ओठाच्या कडेला चटणीचा हिरवा ठिपका होता, तो जाईना. मी गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बरी आहे ही मुलगी, हिला निदान किळस तरी येते. थांबा.

आदल्या वर्षी ऑक्टोबरात मी गणिताची पहिली पूर्ण मांडणी केली होती. पडद्याचे तीन थर, कोषाचे तीन थर, आत श्वास घेणारा जीव. त्यात एक आकडा ओलीचा होता. भोकांत हवा असेल तर वायू सहज सरकतो. भोकांत पाणी भरलं की तोच वायू जवळजवळ दहा हजारपट हळू चालतो, म्हणजे दार लावल्यासारखंच. मी सहज म्हणून झाकण ओलं धरलं. आधी तर गणित सुटेचना, संगणक रात्रभर घरघरत बसला. आठवडाभर डोकं खाजवून सोडवलं, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर एक लाल रेघ आली. पेटीतला कार्बन डायऑक्साइड चढत, चढत, चौथ्या दिवशी जीव गुदमरेल त्या पातळीच्या वर.

मी ती रेघ सरांना दाखवली. सरांनी जिभेने बोट ओलं करून माझ्या कागदांची पानं उलटली, ही त्यांची सवय, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर थुंकीचा डाग. "बंद पडवीत पाणी कुठून येणार?" ते म्हणाले. "शोधनिबंध पाठवायचा आहे डिसेंबरात. ओल शून्य धर."

आता ऐका. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मी दरवर्षी मामाकडे जायची. संध्याकाळी मामी पितळी गडव्यात पाणी घ्यायची आणि आम्ही दोघी माळांवर शिंपायचो. मी बोटं बुडवून, ती ओंजळीने. शिंपलेलं पाणी अर्ध्या तासात वाळून जायचं, कारण माळ मोकळ्या वाऱ्यावर असायची. पेटीत ते वाळायला जागाच नव्हती. बंद पडवीत पाणी कुठून येतं हे साऱ्या नागपुरात एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि ते माणूस सरांसमोर उभं होतं.

मी म्हटलं, "हो सर."

का म्हटलं? माझ्यावर जबरदस्ती झाली नव्हती. गळ्यावर सुरी नव्हती. कोरडी रेघ सुंदर यायची, सरळ, आडवी, डोळ्यांना निववणारी. निबंधावर माझं नाव दुसरं येणार होतं. आणि जानेवारीत कंत्राट संपत होतं. बस, एवढंच. लाल रेघेची फाइल मी 'जुने' नावाच्या कप्प्यात टाकली. पेटीबरोबर द्यायच्या सूचनांचा कागदही मीच लिहिला. 'सावलीत ठेवा. हलवू नका. झाकण उघडू नका.' पाण्याचं एक अक्षर नाही, कारण गणितात पाणीच नव्हतं.

मेच्या अखेरीस अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर आला. 'लाभार्थी महिलेने पेटीवर वारंवार पाणी टाकल्याने बियाण्याची हानी झाली. पेटीच्या रचनेत दोष आढळला नाही. सदर लाभार्थीस पुढील वर्षी बियाणे उत्पादक यादीतून वगळावे.' खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं, सहीपुरती जागा रिकामी. कागदाच्या कोपऱ्यावर तो ओला डाग होताच.

त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. माझा मामा मोठ्या गळ्याचा माणूस, पण त्या दिवशी पुटपुटत होता.

"गावात काय बोलून राहिले माहीत हाय काय तुले?" तो म्हणाला. "शकुननं विटाळ पाळला नाही म्हणते. बाहेरची असून पेटीले हात लावला म्हणते. म्हणून बी सडलं. पन्नाशीची झाली तुई मामी, तिची पाळी जाऊन चार वर्सं झाली. हे आता मी चौकात उभं राहून सांगू काय लोकाईले?"

"मामी कशी हाय?"

"तिले वाटून राहिलं, आपलंच कुठं काही चुकलं. रोज विचारते मले, अंधारात कोणाची सावली पडली असन काय म्हणून."

मी फोन ठेवला. एकीकडे आमची संस्था, वातानुकूलित, डॉक्टरेटवाले. दुसरीकडे गावातली विटाळ मोजणारी तोंडं. दोघांनी मिळून एकच बाई धरली होती. बोट वेगळं, पण रोखलेलं तिच्याकडेच. आणि तिसरं बोट माझं होतं, खिशात लपवलेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साकोलीला एका मंगल कार्यालयात कोसा, म्हणजे टसर, उत्पादकांची बैठक होती. पाच-सहा तालुक्यांतले साठ-सत्तर लोक आले होते. मागे कुठल्याशा लग्नाची वाळकी फुलं अजून लोंबत होती. मामा-मामी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गर्दी एवढी की माणसं भिंतीला टेकून उभी, पण त्या खुर्च्यांवर कुणी बसेना.

सरांनी अहवाल वाचला. मी संगणक घेऊन टेबलाच्या कडेला होते, भिंतीवर चित्रं दाखवायला. कोरडी रेघ आली. सरळ, आडवी. सर म्हणाले, "पाहा, पेटीत काही दोष नाही. दुर्दैवाने एका लाभार्थी ताईंनी पाणी टाकलं."

उत्पादकांचा पुढारी हेमराज उठला. पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा. "नाव कायले लपवता, साहेब? सगळ्याईले माहीत हाय. आमच्या समितीनं ठरवलं, यंदा शकुनबाईच्या हातचं बी कोणी नेणार नाही. पाणी असो का आणखी काही असो. बाईमाणसाच्या अडचणी आम्ही चारचौघात बोलत नाही." दोघे-तिघे पुरुष फिदीफिदी हसले.

त्या हसण्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या पेट्यांचीही आली नव्हती.

मामी उठून उभी राहिली. पदर डोक्यावर, हात जोडलेले. "हो, मी पाणी शिंपलं," ती म्हणाली. "सासूनं शिकवलं, तिले तिच्या सासूनं. शिंपायचं नाही असं मले कोणी सांगतलं असतं तं मी नसतं शिंपलं. कागदात तं काही लिवलं नव्हतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मदतीसाठी पाहतात तसं.

मी 'जुने' कप्पा उघडला. दोनदा चुकीची फाइल उघडली. मग भिंतीवर लाल रेघ आली.

"ही पाहा," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडातून संस्थेची भाषा गेली आणि मामाच्या घरची आली. "झाकण ओलं झालं तं आतली हवा कोंडते. चौथ्या दिवशी जीव गुदमरते. हे आमाले मागच्या ऑक्टोबरातच समजलं होतं. आमी ओल शून्य धरली अन् कोरडी रेघ छापली. शिंपू नका हे सांगाचं काम आमचं होतं. शकुनबाईचा काही दोष नाही. ना पाण्याचा, ना विटाळाचा. हेमराजभाऊ, किडे गुदमरून मेले, अन् मारले आमी."

"साधना, खाली बस," सर म्हणाले. मग लोकांकडे वळून हसले. "ती जरा भावनिक झाली आहे. नात्यातलं प्रकरण आहे ना."

"ऑक्टोबरची तारीख हाय त्या फाइलवर," मी म्हटलं. "वाचून घ्या."

साठ-सत्तर माणसं भिंतीकडे पाहत राहिली. गणित कुणाला कळलं नसेल, पण चढणारी रेघ आणि तारीख कळायला शाळा लागत नाही. मागून एका म्हाताऱ्याने शिवी हासडली. कुणाला, ते त्याने मोघम ठेवलं, पण सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. हेमराज वारा येईल तशी पाठ देणारा माणूस. तो लगेच म्हणाला, "म्हंजे बाईचा दोष नाही तं. मंग समितीचा ठराव रद्द. एकसष्ट कोष वाचले ना बाई तुमचे? त्याचं बी पयले मले द्या." पाच मिनिटांपूर्वी फिदीफिदी हसणारे आता मामीच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसायला पुढे सरकले. ओशाळलं तर कुणीच नव्हतं.

मामी मात्र उभीच होती. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि आता त्या पाहण्यात मदत मागणं नव्हतं.

"तू लहानपणी माह्यासंग शिंपत होती ना वं?" तिने विचारलं. सगळ्यांसमोर, साध्या आवाजात.

"हो, मामी."

"गडवा तूच आणून देत होती."

"हो."

"मंग तुले तं माहीत होतं."

मला पुष्कळ काही सांगायचं होतं. कंत्राट, डिसेंबर, सर. पण ते सगळं तोंडात आलं तेव्हा त्याला सडका गोडसर वास येत होता, म्हणून मी ते गिळलं. "हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तिने मान हलवली आणि खाली बसली.

सरांनी मला गाडीत घेतलं नाही, ते बरंच झालं. मी मामा-मामीबरोबर बसने निघाले. साकोलीच्या स्टँडवर मामाने आम्हाला शेंगदाणे घेऊन दिले आणि पुढे ओळखीचा कुणी दिसला म्हणून त्याच्याशेजारी जाऊन बसला. तो खूश होता. "नाव वाचलं घराचं," तो त्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "माह्या भाचीनं वाचवलं."

मामी खिडकीपाशी बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. बस सुटली. खिडक्या सगळ्या उघड्या, वारा भणाणत होता, बसमध्ये कसलाही वास नव्हता. मी सकाळी डोक्यावरून न्हाले होते, धुतलेले कपडे घातले होते.

"मामी," मी म्हटलं.

तिने पदराचं टोक ओढलं, नाकावर घट्ट दाबलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. कोंढ्याचा स्टँड येईपर्यंत तिने तो पदर काढला नाही.